ठणका, कळ, चमक : विद्यार्थ्यांना वेदना शिकवताना

(मंडळाच्या आरोग्य मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



कार्यकारिणीने मला "गुडघेदुखी-कंबरदुखीवर चार व्यायाम सांगा" म्हणून बोलावलं. व्यायामांचे कागद चहाच्या टेबलावर ठेवले आहेत, जाताना जरूर घेऊन जा. पण व्यायाम करायला लागतो तो धीर, आणि धीर येतो तो दुखणं समजल्यावर. म्हणून मी माझ्या वर्गात जे शिकवते तेच आज थोडक्यात सांगणार आहे.

मी इथे अमेरिकेत फिजिकल थेरपीच्या विद्यार्थ्यांना 'वेदना' हा विषय शिकवते. हा तीन वर्षांचा डॉक्टरेटचा अभ्यासक्रम. मुलं हाडं, स्नायू, नसा सगळं पाठ करून वर्गात येतात. पहिल्याच तासाला मी विचारते, "दुखणं नेमकं कुठं असतं?" कुणी म्हणतं, जिथे लागलं तिथे. कुणी म्हणतं, मेंदूत. मग मी फळ्यावर 1664 हे साल लिहिते. त्या वर्षी फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचं एक पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. त्यात एक चित्र आहे: पायाला विस्तव लागतो, आतली एक दोरी ओढली जाते आणि मेंदूत घंटा वाजते. जेवढी इजा तेवढी घंटा. साडेतीनशे वर्षं झाली तरी आपल्या सगळ्यांच्या मनात हेच चित्र आहे. डॉक्टरांच्याही!

आता दोन उदाहरणं ऐका. दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली, हेन्री बीचर हे अमेरिकन भूलतज्ज्ञ इटलीतल्या आघाडीवर होते. गंभीर जखमी झालेल्या सैनिकांना ते विचारत, "वेदनाशामक हवं का?" त्यातले बहुसंख्य "नको" म्हणत. जखम मोठी, पण तिचा अर्थ होता 'जिवंत सुटलो, आता घरी जाणार'. दुसरं उदाहरण ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 1995 साली आलं. एका बांधकाम कामगाराने उडी मारली ती थेट मोठ्या खिळ्यावर. खिळा बुटातून आरपार. पाय जरा हलला तरी तो कळवळत होता, त्याला गुंगीची औषधं द्यावी लागली. बूट काढून पाहतात तो काय, खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला, कातडीला ओरखडासुद्धा नाही!

मग तो माणूस नाटक करत होता का? मुळीच नाही. त्याला खरोखर दुखत होतं. धोका आहे असं मेंदूला वाटलं आणि त्याने दुखवलं. वेदना हा इजेचा मीटर नव्हे, तो संरक्षणाचा गजर आहे.

देकार्तच्या दोरीला मोठा धक्का दिला तो रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी, 1965 साली. त्यांचं म्हणणं असं की मज्जारज्जूत एक प्रकारचं फाटक आहे. इजेचा निरोप तिथून जातो. पण स्पर्शाचे, दाबाचे निरोप आले की फाटक थोडं लोटलं जातं, आणि वरून मेंदूही ते उघडझाप करतो. त्यातले काही तपशील पुढे बदलले, पण मूळ कल्पना टिकली. आपल्या आयांना हे न शिकताच माहीत होतं. पोर पडलं की आधी चोळायचं, फुंकर घालायची, जवळ घ्यायचं. चोळणं खालून काम करतं, जवळ घेणं वरून.

यानंतर मी वेदनेचे तीन प्रकार शिकवते, आणि इथे मराठी फार उपयोगी पडते. मुलाचा पाय मुरगळला, सुजला, ठणकतोय, हात लावला की दुखतंय: ही ऊतींच्या इजेची वेदना. मधुमेहात तळपायांची आग होते, मुंग्या येतात, किंवा कमरेतून पायात करंट गेल्यासारखी चमक जाते: ही नसेच्या दुखापतीची. तिसरा प्रकार 2017 साली वेदनेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेगळा मानला. त्यात ऊतींची किंवा नसेची पुरेशी इजा सापडत नाही, पण वेदनेची यंत्रणाच हळवी झालेली असते. फायब्रोमायल्जिया हे त्याचं ठळक उदाहरण. ठणका, ठसठस, कळ, चमक, आग, सल, हुळहुळणं... एवढे शब्द आपल्याकडे आहेत आणि आपण डॉक्टरांकडे जाऊन काय सांगतो? "पेन!"

यंत्रणा हळवी होते म्हणजे काय? आपल्या सगळ्यांच्या घरी स्मोक अलार्म आहे. खमंग फोडणी दिली की तो बोंबलतो. आग नाही, पण गजर खरा. तीन महिन्यांपेक्षा जास्त रेंगाळलेल्या दुखण्यात अनेकदा असंच होतं. मूळ जखम भरलेली असते, पण गजर फोडणीलाही वाजू लागतो. अपुरी झोप, काळजी, एकटेपणा यांनी तो आणखी हळवा होतो. म्हणून "हे तुमच्या मनाचे खेळ आहेत" असं रुग्णाला कधीही म्हणायचं नाही, हे मी विद्यार्थ्यांना बजावून सांगते. गजर खराच वाजतोय.

आता एमआरआयबद्दल. 2015 साली तेहतीस अभ्यास एकत्र करून पाहण्यात आलं. त्यात तीन हजारांहून अधिक लोक होते, ज्यांची पाठ अजिबात दुखत नव्हती. त्यांच्यातसुद्धा विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या मणक्यांतल्या चकत्यांत झीज दिसली. म्हणजे केस पिकतात तसंच हे. पण कुणीतरी सांगतं, "मणक्यात गॅप आहे, वाकू नका," आणि ते वाक्य माणसाला जन्मभर पुरतं. वाकणं बंद, उचलणं बंद, मग चालणंही कमी. स्नायू आणखी दुबळे होतात आणि दुखणं वाढतं.

उपचारांच्या बाबतीतही अमेरिकेने मोठी किंमत मोजली. 1990 च्या दशकात वेदना दर भेटीत आकड्यात मोजण्याचा आग्रह वाढला, अफूजन्य गोळ्यांचा सुळसुळाट झाला आणि व्यसनाने असंख्य घरं उद्ध्वस्त झाली. 2017 साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जुनाट कंबरदुखीसाठी आधी व्यायाम, योग, ताई ची अशा विनाऔषधी उपायांकडेच वळा, असं सांगितलं. आम्ही शिकवतो तेही साधं आहे: जमेल तिथून सुरुवात करा आणि थोडं थोडं वाढवा. दहा मिनिटं चालता येत असेल तर आठ मिनिटं चाला, पण रोज. बरं वाटलं म्हणून एकदम तासभर नको, आणि दुखलं म्हणून आठवडाभर पलंगही नको. गजराला हळूहळू कळू द्यायचं की फोडणी आहे, आग नाही.

मात्र काही गजर खऱ्या आगीचे असतात. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पायातली ताकद झपाट्याने जाणं, ताप, कारण नसताना वजन घटणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं: यात व्यायाम करत बसू नका, तातडीने डॉक्टर गाठा.

शेवटचा मुद्दा आपल्या आईवडिलांचा. माझ्या एका विद्यार्थिनीने भारतातून आलेल्या एका आजोबांना विचारलं, "शून्य ते दहा, किती दुखतं?" मुलाने भाषांतर केलं. आजोबा म्हणाले, "दोन." तिने दोन लिहिलं. मी मराठीत विचारलं, "आजोबा, पूजेला मांडी घालून बसता का?" ते म्हणाले, "तीन महिने झाले, नाही बसलो. मुलाला उगाच खर्च कशाला?" मुलगा शेजारीच उभा होता. त्याला काही बोलता येईना.

तेव्हापासून आकड्याच्या जोडीला "दुखण्यामुळे तुमचं काय काय बंद झालं?" हा प्रश्न मी विद्यार्थ्यांकडून घोटून घेते. 2020 साली वेदनेची व्याख्या नव्याने मांडली गेली, तेव्हा हेही नमूद झालं की शब्दांत सांगणं ही वेदना व्यक्त करण्याच्या अनेक पद्धतींपैकी फक्त एक आहे. सांगता आलं नाही म्हणून वेदना नाही असं होत नाही. आणि व्यवहाराचं सांगायचं तर सरकारी निधी घेणाऱ्या इथल्या रुग्णालयांना दुभाषा मोफत द्यावा लागतो. तो हक्काने मागा. मुलासमोर जे बोलवत नाही ते परक्या माणसाकरवी सांगता येतं.

तेव्हा या दिवाळीत आईबाबांशी फोनवर बोलाल किंवा ते इथेच तुमच्याकडे असतील, तर "कसं आहे?" एवढंच विचारू नका. त्याला "बरं आहे" हे एकच उत्तर असतं. विचारा, "बाजारात कोण जातं? जिना चढता का? रात्री कूस बदलताना जाग येते का?" आणि मग फक्त ऐका. उपचाराची सुरुवात तिथूनच होते.