शोध घेणाऱ्याची परीक्षा



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ बेळगावच्या या शाळेत आपण जमलो आहोत, त्यांच्या व्यवसायाविषयी मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने बोलावे, हे धाडसच आहे. परंतु मी रोगाविषयी नव्हे, संदर्भशोधाविषयी बोलणार आहे. आणि ते दुखणे आम्हा दोघांचेही आहे.

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात एका पुस्तकाची मला सापडलेली आवृत्ती हीच पहिली, असे मी ठामपणे लिहिले होते. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी एवढेच विचारले, ''आपण कोठे कोठे शोधलेत?'' मी एकाच ग्रंथालयाची कार्डे चाळली होती; शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' हाताशी असून उघडली नव्हती. मला सापडले नाही, म्हणजे ते नाहीच, असे मी गृहीत धरले होते. माझ्या चुकीपायी काही पाने पुन्हा लिहावी लागली, इतकेच.

वैद्यकात एवढ्यावर भागत नाही. २००१ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, दम्यासंबंधीच्या एका प्रयोगात हेक्झामेथोनियम हे औषध श्वासावाटे दिलेली एक निरोगी तरुण स्वयंसेविका मृत्यू पावली. या औषधाने फुप्फुसांना इजा झाल्याच्या नोंदी १९५०च्या दशकातील नियतकालिकांत होत्या. संशोधकाने 'पबमेड' ही संगणकीय सूची पाहिली होती. परंतु तेव्हा ती १९६६च्या मागे जात नव्हती. त्यामागचे वाङ्मय छापील खंडांत होते, आणि ते नजरेतून निसटले.

मग शिकाऊ डॉक्टरांची ही विद्या तपासावी कशी? कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथील अध्यापकांनी तयार केलेली एक कसोटी २००३ साली प्रसिद्ध झाली. तीत विद्यार्थ्यापुढे रुग्णाची हकिकत ठेवतात. तिच्यातून नेमका प्रश्न रचा, उत्तर कोठे शोधाल आणि का, शोध कसा घ्याल, हे त्याने स्वतःच्या शब्दांत लिहायचे. पर्यायावर खूण करून सुटका नाही. तपासणाऱ्याला विचाराची वाट दिसते.

यात भाषेचा वाटा मोठा आहे. आपल्याकडचा रुग्ण 'छातीत कळ आली' असे मराठीत सांगेल, नाहीतर कन्नडमध्ये. घरचे 'हार्ट अटॅक' म्हणतील. सूचीत मात्र 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' हा मथळा आहे. समानार्थी शब्द 'किंवा'ने जोडावेत, भिन्न कल्पना 'आणि'ने. हा विवेक नसेल, तर यंत्र एकतर रिकाम्या हाताने परत पाठवते, नाहीतर हजारो लेखांखाली गाडून टाकते.

तरीही लेखी परीक्षा पुरेशी नाही. कागदावर उत्तम लिहिणारा विद्यार्थी रात्रपाळीच्या धांदलीत पहिल्या सापडलेल्या लेखावरच थांबू शकतो. म्हणून आपल्यापैकी जे वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवतात, त्यांना माझी विनंती आहे : विद्यार्थ्याकडून उत्तराबरोबर शोधाची नोंदही मागा. कोठे पाहिले, कोणत्या शब्दांनी, कोणत्या सालापासून, आणि कोठे व का थांबला. या नोंदीला गुण द्या. 'काही सापडले नाही' हे उत्तर तर या नोंदीवाचून स्वीकारूच नका.

माझ्या परीक्षकांच्या त्या प्रश्नाने तेव्हा मी खजील झालो होतो. आज वाटते, तो मला पदवीपूर्वीच कोणीतरी विचारायला हवा होता.