उजनीचा विसर्ग आणि फसलेले उत्तर

उजनी धरणातून भीमेत सोडलेले पाणी पंढरपूरला केव्हा पोचेल आणि त्या वेळी चंद्रभागेची, म्हणजे तिथल्या भीमेची, पातळी किती असेल, हा प्रश्न गणितात अवकल समीकरणांचा होतो. सेंट व्हेनांत या फ्रेंच अभियंत्याने १८७१ मध्ये मांडलेली दोन समीकरणे, एक पाण्याच्या हिशेबाचे आणि दुसरे संवेगाचे, प्रत्यक्ष नदीसाठी कागदावर सुटत नाहीत. संगणकावर ती थोड्याथोड्या वेळाच्या पायऱ्यांनी सोडवावी लागतात. ती सोडवताना उत्तर कुठे फसते, हा इथला विषय आहे.

फसण्याचा सर्वांत ढोबळ प्रकार म्हणजे आकडे भडकणे. एखादी राशी प्रतिसेकंद स्वतःच्या ५० पट दराने घटत असेल, तर खरे उत्तर क्षणात शून्याजवळ येते. ऑयलरच्या साध्या पद्धतीत पायरी ०.०५ सेकंदाची घेतली, तर मात्र प्रत्येक पायरीला राशीला उणे दीडने गुणले जाते. चिन्ह उलटसुलट होत आकडा फुगत जातो आणि आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसू लागतो. पायरी ०.०४ च्या आत आणली की आकडे आवरतात. नदीच्या समीकरणांनाही लागू होणारी अशीच मर्यादा कूरांट, फ्रीडरिख्स आणि लेवी या गणितज्ञांनी १९२८ मध्ये, म्हणजे संगणक येण्याआधीच, दाखवून दिली होती. पाणी ५ मीटर खोल आणि प्रवाह सेकंदाला २ मीटर असेल, तर लाट सेकंदाला सुमारे ९ मीटर पुढे सरकते. नदीचे छेद ५०० मीटरवर घेतले असतील, तर पुढची स्थिती केवळ आधीच्या स्थितीवरून काढणाऱ्या स्पष्ट (एक्स्प्लिसिट) पद्धतीत पायरी ५५ सेकंदांच्या आत हवी. छेद जवळ आणले की पायरीही लहान करावी लागते, आणि नेमके हेच घाईत विसरले जाते.

‘हेक-रास’सारखे सॉफ्टवेअर एकमितीय गणितासाठी सर्व छेदांची पुढची स्थिती एकत्र सोडवणारी अस्पष्ट (इम्प्लिसिट) पद्धत वापरते, त्यामुळे ही अट तिथे सैल होते. पण सुटका होत नाही. उजनीखालच्या पात्रात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. कमी पाण्यात त्यांच्यावरून धार पडते, पुरात ते बुडतात, आणि या बदलाच्या क्षणी गणित हेलकावे खाते. उन्हाळ्यातले कोरडे पात्र, तासाभरात अनेक पटींनी वाढवलेला विसर्ग, पहिल्या क्षणाची विसंगत पातळी यांनीही तेच होते. अशा वेळी शेवटच्या एररपेक्षा पहिली एरर कोणत्या छेदावर आणि किती वाजता आली, ते शोधणे उपयोगी पडते. पुढच्या बहुतेक तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात. अस्पष्ट पद्धतीत नव्या वेळेच्या स्थितीला किती वजन द्यायचे ते ठरवणारा थीटा हा गुणक १ ठेवला तर गणित शांत राहते, पण पुराचे शिखर थोडे बोथट होते. तो ०.६ कडे नेला तर शिखर टोकदार येते आणि स्थिरता घटते.

याहून घातक म्हणजे गुळगुळीत, देखणा आणि चुकीचा आलेख. धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर होतो, तर मेट्रिक मॉडेल घनमीटर प्रतिसेकंद मागते. १ लाख क्युसेक म्हणजे सुमारे २,८३२ घनमीटर प्रतिसेकंद. हे रूपांतर राहून गेले तर पूर ३५ पट होतो, निदान तो डोळ्यांना खटकतो. नीरा नदी मात्र विसरली तर काहीच खटकत नाही. वीर धरणाचे पाणी घेऊन ती नीरा नरसिंहपूरला, उजनीच्या खाली, भीमेला मिळते. तिचा प्रवाह भरला नाही तरी सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, कारण उरलेल्या पाण्याचा हिशेब त्याच्या लेखी चोख जुळलेला असतो.

म्हणून तपासणी आकडेवारीपासून सुरू होते: एकके, छेदांची समुद्रसपाटीपासूनची उंची, येऊन मिळणाऱ्या नद्या. त्यानंतर किमान प्रवाह देऊन सुरुवातीची स्थिती स्थिरावू द्यायची. मग पायरी निम्मी करून तेच गणित पुन्हा चालवायचे. शिखराची वेळ किंवा उंची लक्षणीय हलली, तर आधीचे उत्तर नदीपेक्षा पायरीचेच अधिक होते. आत आलेले, बाहेर गेलेले आणि पात्रात साठलेले पाणी जुळते का, हे वेगळे पाहावे लागते. मॅनिंगचा खडबडीतपणाचा गुणांक सर्वांत शेवटी हलवायचा. तो आधीच हलवला, तर पायरीची चूक पात्रातल्या झाडोऱ्याच्या नावावर जमा होते, मोजलेल्या एका पुराशी उत्तर जुळते आणि पुढच्या पुराला पुन्हा चुकते.