पोरं कशाची वाट बघतात?

आज बचतीच्या हिशोबाचं बोलणार नाही, पण सुरुवात वहीपासूनच करावी लागेल.

मागच्या मासिक सभेत बचत गोळा झाली, सह्या-अंगठे झाले आणि अंतर्गत कर्जाची मागणी विचारली. आमच्यातल्या एका ताईंनी १५,००० रुपये मागितले. कारणाच्या रकान्यात लिहायला सांगितलं, "मुलाच्या अभ्यासासाठी मोबाइल." पोरगा आठवीत. घरात एक मोबाइल आहे आणि तो चांगला चालतो. आम्ही सहज विचारलं, मग नवा कशाला? ताई खाली बघून म्हणाल्या, "त्याचा कसला तरी गेम यायचाय नोव्हेंबरात. जुन्या फोनवर चालणार नाही म्हणतो. जेवत नाही, बोलत नाही."

आम्ही कर्ज नाकारलं नाही आणि मंजूरही केलं नाही. एवढंच ठरवलं की आधी गेम काय आहे ते बघू. कोंबड्यांसाठी कर्ज देताना आपण कोंबड्या बघतो, मग हे न बघता कसं द्यायचं? पुढच्या रविवारी समाजमंदिरात पोरांनाच बोलावलं आणि म्हटलं, सांगा बाबांनो, कशाची वाट बघताय?

एरवी तोंड न उघडणारी पोरं तासभर बोलली. गेमचं नाव जीटीए सिक्स. आधीचा भाग, जीटीए फाइव्ह, २०१३ साली आला होता. म्हणजे ही पोरं तेव्हा पाळण्यात होती, काही तर जन्मलीही नव्हती. रॉकस्टार नावाची कंपनी हे गेम बनवते. नव्या भागाचा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला आणि चोवीस तासांत तो नऊ कोटींहून जास्त वेळा पाहिला गेला. आधी सांगितलं २०२५ ला येणार. मग २६ मे २०२६ म्हणाले. आता तारीख आहे १९ नोव्हेंबर २०२६. ट्रेलर आला तेव्हा आपला हा पोरगा सहावीत होता, गेम येईल तेव्हा नववीत असेल. एवढी वाट तर आपण घरकुलाच्या हप्त्याचीही बघत नाही, असं एक काकू म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. खरं तर बघतो आपण, पण ते असो.

मग पोरांनी तो ट्रेलर आम्हाला दाखवला. अमेरिकेतल्या फ्लोरिडासारखं एक राज्य आहे, त्याला गेममध्ये लिओनिडा म्हणतात. मायामीसारखं शहर आहे, त्याचं नाव व्हाइस सिटी. समुद्रकिनारा, दलदल, मगरी आणि आपल्या उजनीच्या पाण्यावर येतात तसे रोहित पक्षी. चित्र इतकं खरं की एकीनं विचारलं, "हा पिच्चर आहे का गेम?" या शहरात खेळणारा पाहिजे तिकडे हिंडू शकतो, कुठलीही गाडी चालवू शकतो, कुणी अडवत नाही. ज्या पोराचं जग शाळा, चावडी आणि एसटी स्टँड एवढंच आहे, त्याला हे का ओढून घेतं ते आम्हाला तेव्हा कळलं. आपण नुसतं "फोन ठेव" म्हणून ओरडत होतो.

पण ट्रेलरची सुरुवात तुरुंगात होते. ल्युसिया नावाची बाई आणि जेसन नावाचा तिचा जोडीदार, हे दोघं गुन्हेगार आणि तेच गोष्टीचे नायक. मारामारी, लूट, अंगावर कमी कपडे, सगळं आहे. आधीच्या भागावर युरोपात १८ वर्षांच्या पुढच्यांसाठी अशी खूण आहे. हा नवा भागही काही लहान लेकरांचा नाही. म्हणजे नोव्हेंबर उजाडला तरी आठवी-नववीच्या पोराची वेळ आलेली नसेल. हे आम्ही त्यांच्या तोंडावर सांगितलं. त्यांनी तोंडं वाकडी केली, पण आधी गेम बघून मग बोललो, म्हणून ऐकून तरी घेतलं.

आणि आता मोबाइलचं. कंपनीनं हा गेम प्लेस्टेशन फाइव्ह आणि एक्सबॉक्स या यंत्रांसाठी जाहीर केलाय. ही यंत्रं टीव्हीला जोडतात. एक यंत्र पन्नास हजारांच्या घरात जातं आणि असे मोठे गेम चार-पाच हजारांना पडतात. मोबाइलसाठी तो जाहीरच झालेला नाही. पंधरा हजारांचा फोन घेतला असता तरी त्यावर तो चालला नसता! व्याज मात्र ताईंनी भरलं असतं.

हे ऐकल्यावर तो पोरगा एकदम गप्प झाला. सगळे गेल्यावर दाराशी थांबला आणि रडत म्हणाला, "काकू, मी पैसे भरलेत." मोबाइलवर कुणीतरी लिंक पाठवली होती. आधी नाव नोंदवा, गेम सगळ्यांच्या आधी मिळेल. त्यानं आईच्या फोनवरून ४९९ रुपये भरले, वर एक फाइलही टाकून घेतली. त्याच फोनवर ताईंचं बँक खातं, त्याच फोनवरून गटाचे हप्ते जातात. तीन आठवडे त्या लेकरानं हे पोटात ठेवलं होतं. फोनचा हट्टही त्याचाच. जुना फोन आईच्या हातात राहिला तर कधीतरी उघडकीस येईल, ही भीती.

आम्ही लगेच ती फाइल काढून टाकली, यूपीआयचा पिन बदलला, बँकेत जाऊन खातं तपासलं. बाकी रक्कम शाबूत होती. १९३० वर फोन करून तक्रार नोंदवली. पण तीन आठवडे उलटले होते, ४९९ काही परत आले नाहीत. मैत्रिणींनो, १९३० हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. पैसे गेल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत फोन केला तर रक्कम अडवता येण्याची आशा असते. प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेली फाइल फोनमध्ये घ्यायचीच नाही. आणि प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागेल असं करून ठेवा, कारण फुकटच्या गेममध्येही डायमंड, कपडे, बंदुका पैसे देऊन घ्यायला लावतात.

एक गल्लत आमचीही होत होती. आम्हाला सगळे गेम म्हणजे रमीच वाटत होते. तसं नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं बंदीचा कायदा केला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला त्यात गुन्हेगार धरलेलं नाही. तेव्हा नवरा किंवा दीर त्यात बुडाला असेल तर लपवू नका, त्याला शिक्षा होईल म्हणून भिऊ नका. पोरं वाट बघतात तो गेम वेगळा. एकदा विकत घ्यायचा आणि खेळायचा, पुस्तकासारखा.

त्या रविवारी पोरी मागे बसल्या होत्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी एकीला विचारलं, तू कशाची वाट बघतेस? ती म्हणाली, "राजीची." राजी हा पुण्यात बनलेला गेम, २०२० साली आला. त्यात एक मुलगी त्रिशूळ घेऊन राक्षसांशी लढते, हरवलेल्या धाकट्या भावाला शोधते. कलियुगावर पुढचा भाग येणार असं जाहीर झालंय. हिनं तो कधी खेळलेला नाही, दुसरे खेळतात ते यूट्यूबवर बघितलंय. "मावशी, शाळेतनं आल्यावर फोन दादाकडे असतो," ती म्हणाली, "आणि माझ्याकडे भांडी." तिची आई तिथेच बसली होती. काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून फोन एक दिवस दादाकडे आणि एक दिवस हिच्याकडे असतो. भांडीही तशीच वाटली का ते पुढच्या सभेत विचारणार आहोत.

फोनच्या कर्जाची मागणी ताईंनी स्वतःच मागे घेतली. पोरगा ४९९ रुपये फेडतोय, दर रविवारी गोठा साफ करून आईकडून वीस रुपये. आतापर्यंत साठ झालेत. आम्ही ते गटाच्या वहीत नाही, वेगळ्या कागदावर लिहून ठेवतो.