आपापले ओझे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदाच्या वर्धापनदिनी ‘धर्म आणि श्रम’ या विषयावर बोलणे व्हावे असे मंडळाने ठरविले, आणि त्यातला ख्रिस्ती विचार सांगण्याचे काम माझ्याकडे आले. माझ्या घरी पंढरीची वारी. तेव्हा हा विषय हिच्याकडे कसा, असे काहींना वाटेल. पण शेजाऱ्याच्या घरातला चांगला विचार समजून घ्यायला त्याच्या घरी राहायला जावे लागत नाही; उंबऱ्याशी बसून नीट ऐकले तरी पुरते. शिवाय हे घर आपल्याला परके नाही. नगरला १८३१ सालापासून अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले, आणि कड्याची माणसे तर बाजाराला, दवाखान्याला, शाळा-कॉलेजाला नगरलाच जात आली.

पहिली गोष्ट अशी की, काम ही शिक्षा आहे असे बायबल मानत नाही. आरंभीच्या कथेत देव पहिल्या माणसाला बागेत ठेवतो तो तिची मशागत करण्यासाठी, तिची राखण करण्यासाठी. पाप, शाप, निढळाचा घाम हे सारे त्यानंतरचे. म्हणजे काम आधी आले आणि कष्ट मागून आले. येशू स्वतः सुताराच्या घरात वाढला व तेच काम त्याने केले. पौल हा ख्रिस्ती धर्माचा मोठा आचार्य, पण तो तंबू तयार करून पोट भरी आणि त्याची त्याला लाज वाटत नसे. आपल्याला हे ऐकून अरणचे सावता महाराज आठवतील. मळ्यातल्या कामातच त्यांना विठ्ठल भेटला. तेव्हा कामाला पूजा मानणे आपल्याला नवे नाही. ख्रिस्ती विचारात त्याला जी आणखी एक बाजू आहे ती हिशेबाची, आणि आज मला मुख्यतः तिच्याविषयी बोलायचे आहे.

पौलाचे एक वचन लोकांच्या तोंडी फार असते. जो काम करू इच्छित नाही त्याने खाऊही नये, अशा अर्थाचे ते आहे. हे वचन गरिबांच्या अंगावर फेकण्यासाठी पुष्कळ वापरले गेले. पण नीट वाचावे. काम करू ‘इच्छित’ नाही, असे तो म्हणतो. ज्याला काम मिळत नाही, ज्याचे शरीर चालत नाही, त्याच्याविषयी तो बोलत नाही. त्याचा रोख दुसऱ्याच्या श्रमावर बसून खाणाऱ्यांवर आहे. असे बसून खाणारे गरिबांपेक्षा इतरत्रच अधिक सापडतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

याच पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात एकाच अध्यायात, चार-दोन ओळींच्या अंतराने, दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एकदा तो म्हणतो, एकमेकांची ओझी वाहा. लगेच पुढे म्हणतो, प्रत्येकाने आपापले ओझे वाहायचे आहे. वाचणारा गोंधळतो. पण मूळ ग्रीक भाषेत या दोन जागी दोन निरनिराळे शब्द आहेत. पहिला आहे माणसाला चिरडून टाकणाऱ्या भाराचा. दुसरा आहे वाटसरूने स्वतः घ्यायच्या गाठोड्याचा.

विद्वानांना हे समजावून सांगावे लागते. ज्या बाईने सरपणाची मोळी वाहिली आहे तिला नाही. मोळी कितीही घट्ट बांधली तरी ती एकटीने डोक्यावर घेता येत नाही. ‘अगं, जरा हात लाव’ म्हणून दुसरीला हाक मारावीच लागते. पण एकदा मोळी डोक्यावर आली की पावले आपली आपणच टाकायची. हात लावणाऱ्या बाईने वाट चालायची नसते, आणि चालणारीने तिच्या मदतीला कमीपणा मानायचा नसतो. ख्रिस्ती धर्मातील काम आणि जबाबदारी यांचा विचार मला तरी या मोळीइतका दुसरीकडे कुठे स्वच्छ दिसला नाही.

हा विचार महाराष्ट्रात कोणी जगून दाखविला असेल तर तो पंडिता रमाबाईंनी. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला व मुलींना संस्कृत शिकविले, ही त्या काळी केवढी धिटाईची गोष्ट! पण सारे कुटुंब तीर्थे करीत, पुराणे सांगत हिंडे, आणि हाताने काम करून पोट भरण्याची विद्या मात्र त्या घरात कोणाला आली नाही. जवळचे द्रव्य दानधर्मात संपले. १८७० नंतरच्या दुष्काळात हे विद्वान कुटुंब अक्षरशः उपाशी राहिले. भीक मागण्याची लाज आणि मजुरी करण्याचीही लाज! आई, वडील आणि थोरली बहीण अशी एकामागून एक गेली. रमाबाईंनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. ज्या घरात शास्त्र होते पण श्रम नव्हते, त्या घराचे काय होते हे त्यांनी पोरवयातच पाहिले.

पुढे कलकत्त्यास त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या, विवाह झाला, आणि १८८२ साली लहान मुलगी पदरात असताना वैधव्य आले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परत आल्यावर १८८९ साली मुंबईस शारदासदन काढले व पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. त्यांच्या धर्मांतरावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माची छाप पडते या कारणाने १८९३ साली सल्लागार मंडळातील रानडे-भांडारकरांसारख्या मंडळींनीही अंग काढून घेतले. तो वाद खोटा नव्हता आणि त्यात दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती. पण आज आपला विषय त्यांनी मुलींच्या हाती काय दिले हा आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व विधवा घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. केडगाव म्हणजे नगरजवळचे नव्हे. दौंडच्या पलीकडचे, पुणे जिल्ह्यातले. २०२२ साली आष्टीपर्यंत रेल्वे आली आणि कड्याला स्थानक झाले. हेच रूळ नगरवरून दौंडला आणि पुढे केडगावला जातात. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि सदनातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या जणींना नुसते जेवू घालणे हेही पुण्यच होते. रमाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. शेती, फळबाग, दूधदुभते, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, असे एकेक काम त्यांनी उभे केले. अंध मुलींना रमाबाईंची कन्या मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकविली. त्या टोपल्या विणू लागल्या. ज्या समाजात विधवेचा स्पर्श अपशकुनी, तिथे या बायका खिळे जुळवून पुस्तके छापू लागल्या. शिकून तयार झालेल्यांपैकी कितीतरी जणी पुढे तिथेच शिक्षिका झाल्या. काल जिला हात लावला, ती आज दुसरीच्या मोळीला हात लावू लागली. रमाबाईंनी स्वतःही तेच केले. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बाईला समजेल अशा मराठीत सगळे बायबल त्यांनी आणले. मनोरमाबाई १९२१ साली गेल्या. तो घाव सोसून त्यांनी काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला.

आता हिशेबाची गोष्ट. येशूचा एक दाखला आहे. एक धनी परगावी जाताना तीन चाकरांना त्यांच्या कुवतीप्रमाणे द्रव्य देतो: एकाला पाच भाग, एकाला दोन, एकाला एक. पहिले दोघे ते दुप्पट करतात. तिसरा भिऊन आपला भाग जमिनीत पुरतो. धनी परत येतो आणि प्रत्येकाकडे हिशेब मागतो. पाचवाल्याची आणि दोनवाल्याची शाबासकी मात्र अगदी सारखी आहे. तुला किती मिळाले होते हे तो विचारीत नाही. मिळाले त्याचे काय केलेस, एवढेच विचारतो. आणि प्रत्येकाला स्वतःलाच उत्तर द्यावे लागते. ‘माझ्यातर्फे घरधनी सांगतील’ असे तिथे चालत नाही.

भगिनींनो, इथेच हा विचार आपल्या गावच्या वेशीत येऊन उभा राहतो. जिने स्वतः हिशेब द्यायचा, तिच्या नावाने काही जमेला नको का? दसरा-दिवाळीनंतर आपल्या आष्टी तालुक्यातून, साऱ्या बीड जिल्ह्यातून, गाड्या भरभरून माणसे उसाच्या तोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. ती पहाटे उठून भाकरी करते, फडात वाढे काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. पण उचल बहुधा त्याच्या हातात पडते, करार त्याच्या नावाने होतो, आणि फेडायला मात्र दोघांचे अंग. काम दोघांचे आणि नाव एकाचे, याला हिशेब म्हणत नाहीत.

१९७२ च्या दुष्काळात कामावर खडी फोडलेल्या आणि सुकडी खाल्लेल्या म्हाताऱ्या अजून आपल्यात आहेत. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. तिथे बाईचे नाव हजेरीपटावर स्वतंत्र असते, मजुरी पुरुषाइतकीच. हजेरीपटावरच्या त्या एका ओळीची किंमत ज्यांनी ती अनुभवली त्यांना विचारा.

कामाला विश्रांतीची जोड हवी, हेही बायबलातील आज्ञांतच आहे. आठवड्यातला एक दिवस कोणी काम करायचे नाही. घरधन्याने नाही, चाकराने नाही, दासीने नाही, वेशीच्या आतल्या परक्यानेही नाही, आणि बैलानेसुद्धा नाही. तोडीवर मात्र एक दिवस अंग टाकले तर खाडा लागतो आणि दंड भरावा लागतो. २०१९ साली राज्य शासनाने समिती नेमून आपल्या जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी करविली. त्यांतल्या तेरा हजारांवर जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. माणूस कामासाठी जन्मला असे मानले की शेवट तिथे होतो. येशू म्हणे, तो विसाव्याचा दिवस माणसासाठी आहे, माणूस त्या दिवसासाठी नाही. कामाचेही तसेच.

जबाबदारीचा अर्थ ‘तुझे तू बघ’ असा मी सांगत नाही. याकोबाच्या पत्रात शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते, असे सांगितले आहे. म्हणजे मजुरी देणाऱ्याकडेही हिशेब मागितला जाणारच. त्यात मुकादम आला, कारखाना आला, आणि आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईचा पगार ‘उद्या देते’ म्हणणाऱ्या आपणही आलो.

तेव्हा मंडळापुढे मी तीन साध्या गोष्टी ठेवते. तोडीला जाणाऱ्या ज्या भगिनींचे बँकेत स्वतःच्या नावाचे खाते नाही, त्यांचे ते निघण्यापूर्वी उघडून द्यावे. उचल किती घेतली, किती फिटली, हे लिहिलेली एक वही तिच्याजवळ असावी, आणि वाचता येत नसेल तिला आपल्यापैकी एकीने ते वाचून दाखवावे. आणि तिची शाळेतली मुले मागे राहणार असतील, तर एकेका घराने एकेका मुलाच्या भाकरीची व अभ्यासाची चौकशी करावी.

एवढ्याने तिचे ओझे आपल्या डोक्यावर येणार नाही. ते तिचेच आहे, आणि ती ते मानाने वाहील. आपण हात तेवढा लावायचा आहे.