एकवीस वळणांचा घाट

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही उभयता गेल्या जूनमध्ये फ्रान्सला जाऊन आलो, तेव्हापासून लिफ्टमध्ये, जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी एकच प्रश्न येतो. एवढे पैसे घालून परदेशात जायचं आणि तिथे घामाघूम होत सायकलवरून घाट चढायचा? त्यापेक्षा टूरच्या बसमधून आरामात का नाही फिरत? प्रश्न रास्त आहे. समितीने वीस मिनिटं दिली आहेत, तेवढ्यात उत्तर देतो.

एकच घाट घेऊ. त्याचं नाव आल्प द्युएझ. फ्रान्सच्या आल्प्समध्ये ग्रनोब्ल शहराच्या पुढे बूर द्वाझां नावाचं छोटं गाव आहे. तिथून हा रस्ता निघतो आणि वरच्या बर्फाच्या खेळांच्या गावी संपतो. लांबी १३.८ किलोमीटर, सरासरी चढ ८ टक्क्यांच्या थोडा वर. म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की आठ मीटर वर. एकूण उंची साधारण ११०० मीटर. आपल्या सात मजली इमारतीचा जिना बावन्न वेळा चढा, तेवढं.

या रस्त्याला एकवीस वळणं आहेत आणि प्रत्येकावर आकड्याची पाटी आहे. गंमत अशी की आकडे उलटे आहेत. पायथ्याशी २१, माथ्याजवळ १. सगळ्यात कडक चढ अगदी सुरुवातीला लागतो, पाय गरम व्हायच्या आधी. तिथे २१, २० या पाट्या बघून छाती दडपते. पण बारा, अकरा, दहा असं होत गेलं की तो आकडाच तुम्हाला ओढायला लागतो. किती चढलो यापेक्षा किती उरलं हे कळणं मोठं औषध आहे. फ्रान्समध्ये बऱ्याच घाटांत दर किलोमीटरला सायकलवाल्यांसाठी दगड लावलेला असतो. माथा किती लांब, आत्ता उंची किती, पुढच्या किलोमीटरला चढ किती टक्के, सगळं लिहिलेलं. रस्त्याने तुमच्याशी इतकं खरं बोलावं, ही मला पहिली आवडलेली गोष्ट.

दुसरी गोष्ट त्या पाट्यांवरची नावं. टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ साली सुरू झाली. १९५२ मध्ये ती पहिल्यांदा या घाटावर आली आणि इटलीचा फाउस्तो कोप्पी जिंकला. इथे जिंकणाऱ्यांची नावं वळणांवर लावतात. एकविसाव्या वळणावर कोप्पीचं नाव आहे. आता विचार करा, लॉर्ड्सच्या खेळपट्टीवर तुम्हाला मला कोणी बॅट घेऊन उभं करेल का? इथे मात्र ज्या डांबरावर कोप्पी घामाघूम झाला, त्याच डांबरावर तुम्ही चढता. तिकीट नाही, ओळख नाही, वशिला नाही.

जुन्या लोकांनी काय सोसलं तेही तिथे कळतं. १९१३ साली पिरेनीज पर्वतात तुर्माले घाटाच्या उतारावर एजेन क्रिस्तोफ याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. दुसऱ्याची मदत घ्यायची नाही असा नियम. सायकल खांद्यावर टाकून तो कित्येक किलोमीटर चालत खालच्या गावात गेला आणि लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हातांनी चिमटा सांधला. भाता मात्र एका पोराने हलवला, म्हणून पंचांनी त्याला दंड केला! आणि त्या काळी आजच्यासारखे गिअर नव्हते. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे गिअर या शर्यतीत १९३७ पर्यंत चालतच नसत.

आपल्याला ते आहेत, म्हणून आपल्यासारखी माणसं चढू शकतात. गणित सोपं आहे. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, म्हणजे सुमारे २.१ मीटर. मिनिटाला साठ फेरे मारलेत तर ताशी साडेसात किलोमीटर. या वेगाने वर पोचायला एक तास पन्नास मिनिटं लागतात. चालण्यापेक्षा थोडंच जास्त. पण या वेगात गायींच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात, कापलेल्या गवताचा वास येतो, मागून येणारा अनोळखी माणूस ‘बाँजूर’ म्हणून पुढे जातो. बसच्या काचेतून यातलं काही मिळत नाही. आमची ही विजेवरच्या सायकलने आली. मला मागे टाकताना तिनेही ‘बाँजूर’ म्हटलं, ते जरा लागलं.

हे रस्ते असे चढण्याजोगे का आहेत, यालाही कारण आहे. इटलीत स्टेल्व्हिओ नावाची खिंड आहे, २७५७ मीटर उंच. एका बाजूने चढताना ४८ वळणं. कार्लो दोनेगानी या इंजिनिअरच्या देखरेखीखाली ऑस्ट्रियाच्या राजवटीने तो रस्ता १८२० ते १८२५ मध्ये बांधला. तिथून घोडागाड्या जायच्या होत्या, आणि घोड्याला झेपेल असा चढ ठेवायचा तर रस्त्याला डोंगरावर नागमोडी फिरवावंच लागतं. आपल्याकडे बोरघाटातला गाडीरस्ता त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १८३० मध्ये खुला झाला. घोड्यांसाठी केलेली ती सोय आज सायकलवाल्याच्या कामी येते.

आता कौतुक थांबवून काळजीचं बोलतो, कारण इथे बसलेली दोन-तीन मुलं पुढच्या वर्षी निघाली आहेत आणि त्यांचे आईवडील माझ्याकडे रोखून बघताहेत.

दक्षिण फ्रान्समधल्या माँ व्हाँतू या डोंगराचा माथा उघडाबोडका, पांढऱ्या दगडांचा आहे. १३ जुलै १९६७ रोजी टॉम सिम्पसन हा इंग्लंडचा नामांकित सायकलपटू तिथे भर उन्हात कोसळला आणि गेला. माथा जेमतेम दीड किलोमीटर उरला होता. त्याने उत्तेजक गोळ्या घेतल्या होत्या, हे नंतर निष्पन्न झालं. गोळीने शरीराची तक्रार गप्प केली, आणि शरीराचं ऐकायलाच कोणी उरलं नाही. आज तिथे त्याचं स्मारक आहे. येणारे जाणारे पाण्याच्या बाटल्या, टोप्या ठेवून जातात. तेव्हा मुलांनो, धाप लागली तर उतरा. ढकलत नेण्यात लाज नाही. घाट पळून जात नाही.

खरा धोका तर चढताना नसतो, उतरताना असतो. हजार मीटर वर गेलं की हवा सहा-सात अंशांनी गार होते, त्यात कपडे घामाने भिजलेले. जुने शर्यतवाले उतरण्याआधी सदऱ्याच्या आत छातीशी वर्तमानपत्र घालत. आपण वाऱ्याचं जाकीट न्यावं. ब्रेक सतत दाबून धरू नये. वळणाआधी वेग कमी करावा. आणि तिकडे वाहनं उजव्या बाजूने चालतात. चढताना हे लक्षात राहतं, वर कॉफी पिऊन दमलेल्या डोक्याने उतरताना विसरायला होतं. हँडलला चिठ्ठी चिकटवा: ‘उजवीकडे’.

आता शेवटचं. आल्प द्युएझला ‘डच लोकांचा डोंगर’ म्हणतात. सुरुवातीच्या चौदा शर्यतींपैकी आठ तिथे हॉलंडच्या सायकलपटूंनी जिंकल्या. सातवं वळण तर शर्यतीच्या दिवशी त्यांच्या भगव्या रंगाने भरून जातं. शिवाय २००६ पासून तिथे त्यांचा आणखी एक कार्यक्रम होतो. सामान्य माणसं एका दिवसात हा घाट सहा-सहा वेळा चढतात आणि कर्करोगाच्या कामासाठी निधी जमवतात. बरेच जण घरातल्या कुणाच्या तरी नावाने चढतात.

आणि या लोकांचा देश कसा? तव्यासारखा सपाट. मुख्य भूमीवरचा सर्वांत उंच बिंदू ३२२ मीटर. आपण पुण्यात नुसते बसलो आहोत तेच साडेपाचशे मीटरवर! मग घाट चढायचं बळ त्यांच्यात येतं कुठून? तिथली मुलं सायकलने शाळेत जातात, आजी सायकलने बाजारात जाते. सायकल ही त्यांच्याकडे रोजची चप्पल आहे, म्हणून कधीतरी डोंगरही चढवतो.

पुढच्या सर्वसाधारण सभेत ‘सी’ इमारतीखालचा सायकल स्टँड काढून तिथे चार मोटारींची जागा करण्याचा विषय आहे. मोटारींची अडचण खरी आहे, मलाही मोटार आहे. स्टँडवरच्या निम्म्या सायकलींवर धूळ आहे, हेही खरं. पण पंचवीस वर्षांपूर्वी नकाशात ती जागा ज्यांनी ठेवली, त्यांनी मुलांसाठी ठेवली होती. सभेच्या आधीचे दोन रविवार मी पंप, पंक्चरचं सामान आणि तेलाची बाटली घेऊन सकाळी आठला तिथे बसणार आहे. आपापली सायकल घेऊन या. किती चालू होतात ते मोजू, आणि तो आकडा घेऊन सभेत बसू.