ओढ्याला पायऱ्या

वाळवंटातल्या ओढ्याची काळजी ती कसली करायची, असे तुम्ही म्हणाल. वर्षाकाठी जेमतेम चार इंच पाऊस. तिथे जमीन वाहून जाणार तरी कशी? अमेरिकेतील लास व्हेगास शहराच्या ओढ्याने या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले आहे.

शहर वाढले, तसे घरोघरचे वापरलेले पाणी शुद्ध करून या ओढ्यात सोडण्यात येऊ लागले. आज त्यातून दिवसाला सुमारे ७५ कोटी लिटर पाणी वाहते! वळवाची सर आली, की डांबरी रस्त्यांवरचा लोंढाही त्यात धावत येतो.

आता गंमत पाहा. गाळून घेतलेले पाणी निरुपद्रवी, अशी आपली समजूत. परंतु ज्या पाण्यात गाळ नाही, त्याच्या अंगी गाळ उचलण्याची शक्ती शिल्लक असते. ते तळ खरवडते, काठ पोखरते. १९७० च्या सुमारास या ओढ्याकाठी दोन हजार एकरांवर पाणथळ जमीन होती. १९९० नंतरच्या दशकाअखेर ती दोनशे एकरांच्या घरात आली. ओढा खोल गेला आणि काठचा ओलावा त्याच्यामागे गेला. आणि माती? ती गेली हूव्हर धरणाच्या मीड सरोवरात. शहराचे पिण्याचे बहुतेक पाणी येते तेही याच सरोवरातून!

मग पाणीच बंद करावे काय? छे! जितके पाणी सरोवरात परत जाते, तितके जादा उचलण्याची शहराला मुभा आहे. तेव्हा पाणी वाहू द्यायचे, पण धावू द्यायचे नाही. १९९८ साली निरनिराळी खाती एका समितीत बसली, आणि पुढे वीसहून अधिक बुटके बंधारे उभे राहिले. हे साठवणीचे बंधारे नव्हेत. या जिन्याच्या पायऱ्या. पाणी दगडावर आपटते, तिथेच त्याचा जोर सरतो, आणि दोन पायऱ्यांमध्ये ते संथ चालते. काठावर माजलेला परका झाऊ काढून तिथे वाळुंजासारखी देशी झाडे लावली. दगड तळ धरतो, मुळे काठ धरतात. पाण्यातला गाळ निम्म्याहून कमी झाला.

तरी काम संपलेले नाही. २००० नंतर सरोवराची पातळी बरीच उतरली, आणि मुखाशी पाणी खाली गेले, की ओढा तिथून वरवर खणत येतो. जिना बांधला, तरी शेवटची पायरी सांभाळावीच लागते.

तुमच्या गावचा नाला एकदा या नजरेने पाहा. घरे वाढल्यापासून त्याचा तळ किती खोल गेला आहे?