खोडलेल्या रेषांचा पोर्टफोलिओ



कला किंवा डिझाइनच्या महाविद्यालयात प्रवेश हवा असेल, तर बऱ्याच ठिकाणी आपल्या कामांचा संच, म्हणजे पोर्टफोलिओ दाखवावा लागतो. समजा, एखाद्या मुलीनं त्यासाठी विषय घेतला : ‘सगळं निर्दोष जमलंच पाहिजे, याचं दडपण’. हा संच तिनं कसा उभा करावा, याबद्दल आज बोलायचं आहे.

यात मोठा धोका आहे. दडपणावरची ही चित्रं ती त्याच दडपणाखाली काढेल. कागदावर डाग पडला की नवा कागद घेईल, डगमगलेली रेषा रबरानं पार पुसून टाकेल. संच चकचकीत होईल आणि विषय त्यातून निसटेल. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, की या संचात काम घडतानाच्या खुणा दिसल्या पाहिजेत.

खुणा लपवण्याचा मोह फार जुना आहे. मायकेलअँजेलोचे चरित्रकार वसारी यांनी लिहून ठेवलंय, की मृत्यूपूर्वी त्यानं आपली अनेक रेखाटनं जाळून टाकली. आपण किती झगडलो हे कुणाला कळू नये, आपण परिपूर्णच दिसावं, ही त्यामागची इच्छा. उलट पिकासोचं ‘गेर्निका’ पाहा. 1937 सालच्या या चित्रासाठीची 45 रेखाटनं जपलेली आहेत, त्यांवर तारखा आहेत. चित्र रंगत असताना छायाचित्रकार डोरा मारनं त्याच्या एकेका टप्प्याची छायाचित्रं घेतली. त्यांत दिसतं, की पडलेल्या सैनिकाची उगारलेली मूठ आधी होती, मग गेली. घोड्याची खाली झुकलेली मान पुढे वर आली. या बदलांमुळे चित्राचं मोल कमी झालं, असं कुणी म्हणत नाही. एवढा मोठा चित्रकारही वाट शोधत शोधतच पोहोचला, हे त्यातून कळतं.

आता दडपण नेमकं कुठून येतं, ते पाहू. पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये परिपूर्णतेच्या हव्यासाचे तीन प्रकार मांडले. मी स्वतःकडून केलेली अपेक्षा, मी इतरांकडून केलेली अपेक्षा, आणि लोक माझ्याकडून निर्दोषपणाची अपेक्षा करतात ही माझी समजूत. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या 41 हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची 1989 ते 2016 या काळातली माहिती तपासली. तिन्ही प्रकार वाढलेले दिसले, आणि सगळ्यांत जास्त वाढला होता तिसरा. आपल्या घरांतही तो ओळखीचा आहे. ‘सत्त्याण्णव पडले? मग उरलेले तीन कुठे गेले?’ हे वाक्य किती स्वयंपाकघरांत ऐकू येतं!

हे तीन प्रकार म्हणजे संचाचे तीन भाग होऊ शकतात. पहिल्या भागात स्वतःचं व्यक्तिचित्र, कोळशानं, एकाच कागदावर पुन्हा पुन्हा काढलेलं. कोळसा कितीही पुसला तरी मागे करडी छटा राहते. दक्षिण आफ्रिकेचे विल्यम केंट्रिज यांनी 1989 पासून याच गुणावर आपले चित्रपट उभे केले : रेखाटायचं, पुसायचं, पुन्हा रेखाटायचं आणि प्रत्येक बदल कॅमेऱ्यात टिपायचा. दुसऱ्या भागात धाकट्या भावाच्या चित्रवहीवर आपल्याच हातानं केलेल्या दुरुस्त्या येतील. तिसऱ्या भागात घरादाराचे, शाळेचे, शेजाऱ्यांचे आवाज.

चिन्हं मात्र ठरावीक नकोत. तडा गेलेला आरसा, मुखवटा, साखळदंड ही चित्रं सगळ्यांनाच सुचतात. त्यापेक्षा प्रगतिपुस्तक, कडक इस्त्रीचा गणवेश, कंपासपेटी, वहीच्या समासाची लाल रेघ पाहा. दडपण या वस्तूंतून रोज हाताला लागतं.

आपल्याकडच्या मुलांना असं स्वतःचं शोधणं आणि त्या खुणा दाखवणं जड जातं, त्याला कारण आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांनी पिढ्यान्पिढ्या मुलांच्या हातात ब्रश दिला, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण श्रेणी मिळावी म्हणून स्मरणचित्रातल्या मानवाकृतीही मुलं घोकून जातात. मग स्मरण राहतं ते क्लासमधल्या नमुन्याचं, पाहिलेल्या बाजाराचं नव्हे. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या एपी आर्ट अँड डिझाइन परीक्षेत एका प्रश्नाच्या सलग शोधाचा विभाग असतो. त्यात 15 प्रतिमा द्याव्या लागतात आणि सराव, प्रयोग आणि फेरबदल त्यांतून दिसावे लागतात. कच्चं कामही दाखवण्याजोगं असतं, हे परीक्षेनंच मान्य केलं की मुलाची भीती कमी होते.

विद्यार्थ्यांनो, प्रत्येक कागदाच्या मागे तारीख घाला. फसलेली चित्रं फाडू नका; काय करायचं होतं आणि काय झालं, ते दोन ओळींत लिहा. शेवटी निवड कराच, कारण संच म्हणजे अडगळ नव्हे. पण तुमचा विचार जिथे वळला, तो कागद निवडीतून गाळू नका. आणि हा विषय रंगवताना मन फारच जड झालं, तर विश्वासातल्या मोठ्या माणसाशी बोला. 14416 या ‘टेली-मानस’ मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावरही मोफत बोलता येतं.

पालकहो, शिक्षकहो, असा संच तुमच्यासमोर आला, तर ‘यातलं सगळ्यांत चांगलं कोणतं?’ असं आधी विचारू नका. ‘कोणत्या चित्रानं तुला पुढचं चित्र काढायला लावलं?’ असं विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका. मूल आपल्या चुकांबद्दल निर्भयपणे बोलू लागलं, तर त्या संचानं प्रवेशापेक्षाही मोठं काम केलं, असं मी मानते.